लिहिले म्हणजे उमटले का?



वसंत व्याख्यानमालेत संतवाङ्मय, इतिहास, फार तर आरोग्य असे विषय असावेत, अशी आपली रीत आहे. त्या रांगेत कॉम्प्युटरच्या पोटातली एक खोट घेऊन मी उभा राहिलो आहे, याबद्दल आधीच क्षमा मागतो. पण ही खोट ज्या पैशांना लागली ते आपल्यांपैकीच कोणाचे तरी होते.

काही वर्षांपूर्वी आपल्याच भागातल्या एका पतसंस्थेतून मला सकाळी सकाळी बोलावणे आले. मी तारापूरच्या औद्योगिक वसाहतीतल्या लहान कारखान्यांची यंत्रे आणि कॉम्प्युटर सांभाळतो, तेव्हा असली बोलावणी नवी नाहीत. गेलो तो काउंटरपाशी सातपाटीची एक कोळीण उभी. आदल्या संध्याकाळी तिने सातशे रुपये भरले होते आणि छापील पावती तिच्या हातात होती. कारकून म्हणत होता, "मावशी, कॉम्प्युटरमध्ये तुमचे पैसे दिसत नाहीत." त्यावर बाई म्हणाली, "मी पैसे तुझ्या कॉम्प्युटरला दिले नाहीत, तुला दिले."

बाईचे म्हणणे अगदी बरोबर होते. पण कारकूनही खोटे बोलत नव्हता. आदल्या संध्याकाळी पडद्यावर 'नोंद झाली' अशी अक्षरे त्याने स्वतः पाहिली होती. दिवस मिटवताना तीच रक्कम पुन्हा वाचून बेरीजही जुळवली होती. रात्री वीज गेली. सकाळी यंत्र सुरू केले तेव्हा शेवटच्या दोन तासांच्या नोंदी नाहीशा झाल्या होत्या. मग खोटे बोलले कोण?

हे समजायला आपण सातपाटीच्या पापलेटचाच दाखला घेऊ. मासळीची पेटी बंदरावरून टेम्पोत चढते, टेम्पोतून पालघर स्टेशनावर येते, तिथून गाडीने मुंबईला आणि मग बाजारात. बंदरावरच्या माणसाला विचारले, "पेटी गेली का?" तर तो "गेली" म्हणतो. म्हणजे त्याच्या हातातून गेली, एवढेच. मुंबईला ती उतरली की नाही हे त्याला ठाऊक नसते. आणि वाटेत बर्फ वितळून माल नासला, तर ती बातमी उलट्या पावली बंदरापर्यंत कोणी आणायची, हे ठरलेले नसेल तर कोणीच आणीत नाही.

कॉम्प्युटरमधली नोंद अशीच थराथरांतून जाते. वरती पतसंस्थेचा हिशेबाचा प्रोग्रॅम. त्याच्याखाली फाइल सिस्टिम, म्हणजे कोणते कागद कोणत्या खणात ठेवले याचा हिशेब राखणारी कारभारीण. तिच्याखाली कधी दोन डिस्का जोडीने चालवणारा थर, कधी मजकूर कुलूपबंद करणारा थर. सर्वांत खाली प्रत्यक्ष डिस्क, आणि तिच्यातही तिची स्वतःची तात्पुरती स्मृती. डिस्क मंद असते. म्हणून वरचा मजकूर आधी यंत्राच्या स्मृतीत ठेवून लागलीच 'झाले' म्हणायचे आणि सवडीने खाली उतरवायचे, अशी पद्धत पडली आहे. लिनक्स नावाच्या प्रणालीत ही सवड सामान्यतः तीसेक सेकंदांची असते. आपल्याला खात्री हवी असेल तर प्रोग्रॅमने 'एफसिंक' नावाची आज्ञा देऊन विचारायचे असते: खरोखर खाली पोचले का? उत्तर येईपर्यंत थांबायचे असते. पतसंस्थेच्या प्रोग्रॅमने हा प्रश्न कधी विचारलाच नव्हता. डिस्क त्या संध्याकाळी नादुरुस्त झाली, तिने नकार दिला, प्रणालीने तो आपल्या रोजनिशीत 'त्रुटी क्रमांक ५' म्हणून लिहून ठेवला. ती रोजनिशी वाचणारे तिथे कोणी नव्हते. पडद्यावर मात्र स्मृतीतला मजकूर दिसत राहिला, आणि वीज जाताच तो पुसला गेला.

प्रोग्रॅम लिहिणारा आळशी होता असे म्हणून मी मोकळा झालो असतो. पण मोठमोठ्या जाणत्यांचीही इथे फसगत झाली आहे. अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन विद्यापीठातील संशोधकांनी २००५ साली एक साधी युक्ती केली: फाइल सिस्टिमच्या अगदी खाली एक लबाड थर सरकवला, तो मुद्दाम 'लिहिता आले नाही' असे सांगे, आणि मग वरचे थर काय करतात ते पाहिले. त्या काळी लिनक्सवर सर्रास वापरली जाणारी एक्स्ट-थ्री ही फाइल सिस्टिम लिहिण्यातल्या चुकांकडे बऱ्याचदा चक्क दुर्लक्ष करीत असल्याचे दिसले. रायझर नावाची दुसरी मात्र लिहिणे फसताच सगळे यंत्रच थांबवी. लोकांना ते आततायीपणाचे वाटे. मला तीच प्रामाणिक वाटते.

पुढे २०१८ साली पोस्टग्रेस या जगभर वापरल्या जाणाऱ्या माहितीकोशाच्या मंडळींच्या लक्षात आले, की एफसिंक एकदा फसले आणि पुन्हा विचारले, तर लिनक्स दुसऱ्या वेळी 'सर्व ठीक' म्हणू शकते. कारण फसलेला मजकूर तोपर्यंत 'उतरवला' अशी खूण करून बाजूला टाकलेला असतो. वर्षानुवर्षे समजूत अशी, की फसले तर पुन्हा प्रयत्न करावा. ही समजूतच घातक ठरली. २०१९ च्या फेब्रुवारीत त्यांनी नियम बदलला: एफसिंक फसले तर पुन्हा विचारू नका, काम थांबवा आणि आपल्या जुन्या कच्च्या वहीवरून, म्हणजे लॉगवरून, नव्याने उभे राहा. विस्कॉन्सिनच्याच मंडळींनी २०२० साली पाच नामांकित प्रोग्रॅम तपासले. पाचांपैकी एकाचीही व्यवस्था पुरेशी निघाली नाही.

हे थर रचण्याचे काम परमुलखातलेच आहे असे मात्र समजू नका. पुण्यात व्हेरिटास कंपनीचे मोठे केंद्र होते, आणि फाइल सिस्टिम व तिच्याखालचा थर यांवर आपल्याकडच्या इंजिनिअरांनी तिथे काम केलेले आहे.

आता परीक्षा कशी घ्यायची ते सांगतो. इथे समोर तारापूरच्या अणुवीजकेंद्रात काम केलेली मंडळी असतील. १९६९ पासून आपल्या शेजारी उभ्या असलेल्या त्या केंद्रात इंधनाभोवती धातूची नळी, तिच्याभोवती पोलादी पात्र, त्याच्याभोवती आणखी एक आवरण, असे थरांवर थर असतात. पण थर आहेत म्हणून तिथे कोणी निश्चिंत झोपत नाही. कारखान्यातही भोंगा वाजतो की नाही हे पाहायला आगीची वाट पाहत नाहीत, सराव करतात. तद्वत डिस्क मरण्याची वाट पाहू नये, तिला मरणाचे सोंग घ्यायला लावावे.

लिनक्समध्ये डिव्हाइस मॅपर नावाची सोय आहे. तिने खऱ्या डिस्कवर एक खोटी डिस्क मांडता येते. अमक्या खणापर्यंत बरी, पुढचे काही खण नकार देणारे, त्यापुढे पुन्हा बरी. किंवा काही सेकंद बरी, काही सेकंद आजारी. तिच्यावर मग नेहमीचे सगळे थर चढवायचे आणि प्रोग्रॅमला काम करू द्यायचे. वरच्या प्रोग्रॅमला चूक कळली का, आणि पावती छापण्याआधी कळली का, हे पाहायचे. यात एक फसवा खड्डा आहे, मीही त्यात पडलो आहे. लिहिणे फसल्यावर लगेच फाइल उघडून पाहिली तर मजकूर जागेवर दिसतो, आणि परीक्षक खूश होतो. तो स्मृतीतला मजकूर असतो! म्हणून फाइल सिस्टिम उतरवून, पुन्हा चढवून, मगच वाचायचे. आणखी एक: चूक वर येता येता तिचे नाव बदलते. खाली जागा संपलेली असते, वर मात्र नुसते 'त्रुटी क्रमांक ५' पोचते, आणि आपण चांगली डिस्क फेकून देतो. तेव्हा प्रत्येक थर वेगळा काढून पाहावा, एकदम सगळे नव्हे. हे कंटाळवाणे काम आहे, दोन दिवस जातात, आणि बिलात ते दाखवले तर गिऱ्हाईक भुवया उंचावते.

त्या पतसंस्थेत मी तेच केले. बाईंचे सातशे रुपये पावतीवरून त्याच दिवशी जमा झाले. इतरांच्याही पावत्या मागवून दोन तासांचा हिशेब हाताने पुन्हा बांधला. डिस्क बदलली. प्रोग्रॅमवाल्याकडून एफसिंकची आज्ञा घालून घेतली, आणि उत्तर नकाराचे आले तर पावती छापायचीच नाही असे ठरवले. मग वेगळ्या यंत्रावर खोटी डिस्क मांडून कारकुनालाच नोंदी करायला बसवले. दोन नोंदी नीट झाल्या. तिसऱ्या नोंदीला पडद्यावर लाल अक्षरे आली: 'नोंद झाली नाही. काम थांबवा.' मी समाधानाने त्याच्याकडे पाहिले. तो बिचारा गोंधळून म्हणाला, "साहेब, तुम्ही हात लावायच्या आधी हे बरे चालत होते हो."