पाय बोलत नाहीत तेव्हा
(विहाराच्या वर्धापनदिनी आरोग्य समितीतर्फे केलेल्या भाषणाचा मजकूर)



आज आम्ही पायांवर बोलणार आहोत. विषय ऐकून मागच्या रांगेतली तरुण मंडळी हसली, हरकत नाही. पण इथं बसलेल्या प्रत्येक घरात नाही तरी प्रत्येक मजल्यावर शुगरची गोळी घेणारं कुणीतरी आहेच. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या पाहणीचे आकडे २०२३ साली प्रसिद्ध झाले. देशात सुमारे १० कोटी १० लाख मधुमेही आहेत असं त्यात निघालं. बाबासाहेबांनाही मधुमेह होता आणि अखेरच्या वर्षांत पायांच्या दुखण्यानं ते बेजार असत, हे आपण चरित्रांत वाचलेलंच आहे.

मधुमेहात पाय दोन वाटांनी बिघडतो. रक्तवाहिन्या अरुंद होतात, त्यामुळे जखम लवकर भरत नाही. आणि नसा बधिर होतात, त्यामुळे जखम झालेली कळतच नाही. यातली दुसरी वाट जास्त फसवी. आमच्या आळीतल्या एका मावशींच्या चपलेत खिळा वर आला होता. सकाळी सात वाजता त्या कामाला निघाल्या, चार घरची धुणीभांडी केली, संध्याकाळी घरी आल्या. नातवानं विचारलं, “आजी, लादीवर हे लाल काय?” तेव्हा कळलं. दिवसभर खिळा टोचत होता आणि त्यांना काहीच वाटलं नव्हतं. पुढे दोन बोटं काढावी लागली.

वेदना नसणं म्हणजे बरं असणं, असं आपण समजतो. ही समजूत मोडली ती आपल्याच देशात. डॉ. पॉल ब्रँड १९४६ साली वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात आले आणि कुष्ठरुग्णांवर काम करू लागले. कुष्ठरोगानं बोटं आपोआप झडतात असं तेव्हा लोक मानत. ब्रँड यांनी दाखवलं की रोग फक्त जाणीव घालवतो. बाकीचं नुकसान रोजच्या इजेनं, चटक्यानं, एकाच जागी पडणाऱ्या दाबानं होतं. पुढे ते अमेरिकेत गेले आणि हेच ज्ञान मधुमेहींच्या पायांना लागू झालं. आज जगभर जे शिकवलं जातं त्यातलं बरंच वेल्लोरच्या त्या कुष्ठरुग्णांच्या पायांवरून शिकलेलं आहे. त्यांची नावं कुठंच नाहीत, म्हणून मुद्दाम सांगितलं.

आता संगणकाकडे वळू. “मशीन लर्निंग” हा शब्द मुलांच्या तोंडी असतो. म्हणजे काय? एसटीच्या वर्कशॉपमधला जुना मेकॅनिक इंजिनाचा आवाज ऐकून सांगतो, “ही गाडी घाटात बसणार.” त्यानं पुस्तक वाचलेलं नसतं. हजार गाड्यांचे आवाज ऐकलेले असतात आणि त्यातल्या कुठल्या बंद पडल्या हे पाहिलेलं असतं. संगणकालाही तसंच शिकवतात. हजारो मधुमेहींची माहिती द्यायची: वय, किती वर्षं शुगर आहे, तळव्याला स्पर्श कळतो का, पायाची नाडी लागते का, पूर्वी जखम झाली होती का, मूत्रपिंड कसं आहे. आणि पुढे कुणाच्या पायाला जखम झाली, तेही सांगायचं. त्यातून तो मेळ शोधतो आणि नव्या माणसाबद्दल अंदाज देतो.

यंत्रानं आधी इशारा द्यावा, ही कल्पना पोकळ नाही. अमेरिकेत २०१७ साली एक अभ्यास प्रसिद्ध झाला. पूर्वी जखम होऊन भरलेल्या १२९ जणांना घरी एक चटई दिली, रोज थोडा वेळ तिच्यावर उभं राहायचं. चटई दोन्ही तळव्यांचं तापमान मोजते. जखम फुटण्याआधी आत सूज येते आणि ती जागा दुसऱ्या पायाच्या त्याच जागेपेक्षा गरम होते. २.२ अंश सेल्सिअसचा फरक धरला तेव्हा १०० पैकी ९७ जखमांचा इशारा आधी मिळाला, तोही सरासरी ३७ दिवस आधी. सदतीस दिवस! तेवढ्यात पायाला विश्रांती देता येते, चप्पल बदलता येते.

पण याची दुसरी बाजू सांगितल्याशिवाय पुढे जाता येणार नाही. खोट्या इशाऱ्यांचं प्रमाण ५७ टक्के होतं. फरक ३.२ अंशांचा धरला तर ते ३२ वर आलं, पण मग १०० पैकी ७० जखमाच पकडल्या गेल्या. चाळणीचं असंच आहे, बारीक केली तर खडे अडतात आणि दाणेही अडतात. म्हणून “तुम्हाला धोका आहे” असं यंत्र म्हणालं तर घाबरून रडत बसू नये, आणि “धोका नाही” म्हणालं तर पाय बघणं सोडू नये.

आणखी एक गोष्ट आम्हांला फार महत्त्वाची वाटते. ब्रिटनमधल्या संशोधकांनी जगभरच्या अभ्यासांतल्या १६,३८५ मधुमेहींची माहिती २०१५ साली एकत्र केली. पुढे त्यातून साधा हिशेब निघाला. स्पर्श कळत नाही, एक गुण. पायाची नाडी लागत नाही, एक गुण. पूर्वी जखम झाली किंवा बोट, पाय कापला, दोन गुण. शून्य गुण असणाऱ्यांत दोन वर्षांत शंभरातल्या दोघा-तिघांना जखम होते, चार गुण असणाऱ्यांत जवळजवळ निम्म्यांना. हा हिशेब बोटांवर होतो, त्याला वीजही लागत नाही. मोठा संगणकही अखेर याच प्रश्नांची उत्तरं मागतो. आणि ती द्यायला कुणीतरी खाली बसून पाय हातात घ्यावा लागतो.

आणि पाय कुणाचे, हेही विचारलं पाहिजे. फोटोवरून जखम ओळखायला संगणकाला शिकवण्यासाठी २०२० साली मोठा संच खुला झाला, तो इंग्लंडच्या लँकशायरमधल्या रुग्णालयांतला. त्यातले बहुसंख्य पाय गोऱ्या माणसांचे. गोऱ्या कातडीवर लाली चटकन दिसते, आपल्या सावळ्या पायावर ती जांभळट, काळपट दिसते किंवा दिसतच नाही. भेगाळलेल्या टाचा, आयुष्यभर अनवाणी चालून घट्ट झालेला तळवा, हे त्या यंत्रानं पाहिलेलंच नाही. ज्यांची नोंद नाही त्यांच्याबद्दल यंत्र अंदाजही बांधू शकत नाही. नोंदीत नसणं काय असतं, हे आपल्या लोकांना नव्यानं सांगायला नको. म्हणून दवाखान्यात केसपेपरवर “पाय तपासला” असं लिहून घ्या. डॉक्टरांनी फक्त शुगर पाहिली तर आपणच म्हणायचं, “साहेब, पायही बघा.” आणि झाडूखात्यातल्या किंवा नाक्यावर उभं राहणाऱ्या माणसाला यंत्रानं “पायावर भार देऊ नका” असं सांगितलं, तर त्या दिवसांची मजुरी कोण देणार? याचं उत्तर कुठल्याच यंत्रात नाही. ते आपल्या बचत गटानं काढावं, असं आमचं मत आहे.

आता घरी करायची तपासणी. इंग्लंडमधल्या इप्सविच रुग्णालयातल्या डॉक्टरांनी ती २०११ साली मांडली. माणसानं डोळे मिटून झोपायचं. दुसऱ्यानं बोटाच्या टोकानं अंगठा, मधलं बोट आणि करंगळी यांच्या टोकांना एक-दोन सेकंद हलकेच स्पर्श करायचा, दोन्ही पायांना मिळून सहा ठिकाणी. दाबायचं नाही, टिचकी मारायची नाही. स्पर्श कळला की “डावा” किंवा “उजवा” म्हणायचं. दोन किंवा जास्त ठिकाणी कळलं नाही तर पाय बधिर होतोय असं धरून डॉक्टरांकडे जायचं. आपण वडीलधाऱ्यांच्या पाया पडतो, पण तळवा उलटून कधी बघत नाही. सुनेनं, नातवानं तो बघावा, बोटांच्या बेचक्यात बघावं. आजोबा “कशाला, कशाला” म्हणतील, म्हणू देत.

बधिर पायांनी गरम पाण्याच्या पिशवीनं शेकू नये, भोवरी ब्लेडनं कापू नये, चप्पल घालण्याआधी आत हात फिरवावा. एमसीआर म्हणजे मऊ रबराच्या तळाची, मागं पट्टा असलेली चप्पल घ्यावी. ती दिसायला ओबडधोबड असते हे मान्य.

शेवटी आपल्याच अंगणाची गोष्ट. १४ एप्रिलला आणि बुद्धपौर्णिमेला दुपारी विहाराची फरशी तव्यासारखी तापते. चपला बाहेर काढून आपण रांगेत उभे राहतो. ज्याला चटका कळतो तो पाय उचलतो, ज्याला कळत नाही तो शांतपणे उभा राहतो आणि रात्री फोड येतात. म्हणून चप्पल स्टँडपासून दारापर्यंत ओलं गोणपाट किंवा काथ्याची जाड चटई टाकावी, आणि पाय बधिर असलेल्यांना अंगणात मोजे घालू द्यावेत, असा अर्ज आम्ही कार्यकारिणीकडे दिला आहे. चटईचा खर्च महिला मंडळानं उचलायचं कबूल केलं आहे. स्पर्शाची तपासणी शिकायची असेल त्यांनी भोजनदानानंतर वाचनालयाच्या खोलीत थांबावं. जयभीम.