निरोप्याचे इमान



या व्यासपीठावरून इतिहास आणि तत्त्वज्ञान ऐकण्याची आपणांस सवय आहे. आम्ही घरदलालाच्या कर्तव्याविषयी बोलणार, हे ऐकून काही जण गालांतल्या गालांत हसले असतील. आमची शाळा सातवीत सुटली. पुढचे शिक्षण गेटसभांत आणि कामगार न्यायालयाच्या बाकांवर झाले. तेव्हा पांडित्य सोडून अनुभवाचेच बोलतो.

आमच्या युनियनच्या एका दिवंगत सभासदाच्या पत्नीने काही वर्षांपूर्वी आपल्या दोन खोल्या विकायला काढल्या. दलालाने गिऱ्हाईक आणले, विसार घेतला, खरेदीखत झाले. मागाहून कळले की, शेजारच्या आळीतील एका मास्तरांनी त्याआधीच दीड लाख रुपये अधिक देऊ केले होते. तो देकार दलालाच्या कानापर्यंत आला आणि तिथेच राहिला. कारण त्याने आणलेले गिऱ्हाईक त्याला निराळी दलाली देणार होते. बाई आम्हांला एवढेच म्हणाल्या, "भाऊ, मी मास्तरांना हो म्हटलं असतं, नाही म्हटलं असतं. पण मला विचारायला नको होतं का?"

श्रोतेहो, सारा प्रश्न या एका वाक्यात आहे.

आपल्याकडे १८७२ सालचा करार कायदा आजही लागू आहे. 'प्रत्येक देकार मालकापुढे ठेवा' असे वाक्य त्यात शब्दशः सापडत नाही. पण एजंटाने मालकाच्या सूचनेप्रमाणे वागावे, असे कलम २११ सांगते. कामात गैरवर्तन केले तर त्या भागाची दलाली मिळत नाही, असे कलम २२० सांगते. आणि कलम २२९ तर मोठे मार्मिक आहे. एजंटाला कामाच्या ओघात मिळालेली माहिती, त्रयस्थाशी असलेल्या संबंधापुरती, मालकालाच मिळाली असे ते धरते. जी माहिती कायदा मालकिणीच्या खात्यावर मांडतो, ती तिच्यापासूनच लपवणे याला काय म्हणावे, ते आपणच ठरवा. २०१६ साली स्थावर संपदेचा नवा कायदा झाला, दलालांना नोंदणी आली, हे चांगलेच झाले. परंतु त्याची नजर मुख्यतः नोंदणीकृत प्रकल्पांवर. जुन्या वाड्यातली खोली विकणाराला आधार आहे तो त्या दीडशे वर्षांच्या कायद्याचाच.

इंग्लंडात १९९१ च्या एका हुकमाने हे स्पष्ट केले. आलेला देकार दलालाने विनाविलंब, लेखी, विकणाराला कळवायचा. 'अमुक प्रकारचे देकार कळवू नका' असे विकणाराने स्वतः लिहून दिले असेल तेवढाच अपवाद. अमेरिकेत तर दलालांच्या राष्ट्रीय संघटनेनेच आपल्या नीतिसंहितेत हा नियम घालून घेतला आहे. धंद्यातल्या माणसांनी स्वतःला शिस्त लावावी, याचे आम्हां युनियनवाल्यांना विशेष कौतुक वाटते.

पण दुसऱ्यावर बोट रोखण्यापूर्वी आम्हांला आमचा एक गुन्हा कबूल केला पाहिजे. फार वर्षांपूर्वी एका कारखान्यात संप चालू होता. एका संध्याकाळी मॅनेजरने आम्हांला बोलावून पगारवाढीचा आकडा सांगितला. आम्हांला तो अपमानास्पद वाटला. तो आम्ही सभेपुढे ठेवलाच नाही. संप आणखी एकोणीस दिवस चालला आणि मिटला तो त्याहून जेमतेम अधिक आकड्यावर. बातमी फुटली तेव्हा एक म्हातारा लेथवाला उभा राहिला. "आकडा हलकाच होता," तो म्हणाला, "आम्हीही तो फेकलाच असता. पण फेकायचा हक्क आमचा होता. तुमचा नव्हता." आमच्या खिशात एक पैसाही गेला नव्हता, हेतू शुद्ध होता. तरी आम्ही त्या दलालाच्याच पंगतीला बसलो होतो.

निरोप्याने निरोप तोलू नये. आधी तो जसाच्या तसा पोचवावा, मग खुशाल सल्ला द्यावा. 'हा भाव कमी आहे, थांबा' असे सांगणे दलालाचे कामच आहे; पण मालकाने ऐकल्यानंतर. हलका देकारदेखील बाजाराची हवा सांगतो.

तेव्हा घर विकायला काढाल, त्या दिवशी दलालाला लिहून द्या : प्रत्येक देकार, आकडा आणि अटींसह, मला लेखी कळवावा. घेणाराकडूनही दलाली घेणार काय, हे विचारा आणि उत्तर कागदावर घ्या. आठवड्याला चौकशी करा. प्रामाणिक दलालाला यात राग येण्यासारखे काही नाही. उलट उद्या आळ आला तर तोच कागद त्याला वाचवील.

त्या बाईंचे दीड लाख परत आले नाहीत. वकिलाचा खर्च आणि वय, दोन्ही त्यांच्या विरुद्ध होते. त्यांचा प्रश्न मात्र आम्ही तेव्हापासून प्रत्येक वाटाघाटीला बरोबर नेतो. आज तो आपल्या स्वाधीन करून आम्ही आपली रजा घेतो.