शाळेची भिंत कोणाची?

(पालक सभेत दिलेले भाषण)



आपल्या नव्या इमारतीच्या प्रवेशद्वाराजवळची भिंत अजून कोरी आहे. त्या भिंतीवर विद्यार्थ्यांना बरोबर घेऊन एखाद्या जाणत्या कलावंताकडून काम करून घ्यावे, असा प्रस्ताव आम्ही शिक्षकांनी संस्थेपुढे ठेवला आहे. "प्रयोगशाळेत पुरेशी उपकरणे नाहीत आणि हे मास्तर भिंती सजवायला निघाले," असे काही पालक म्हणाले. त्यांचे म्हणणे चुकीचे नाही. म्हणूनच आज दोन शब्द बोलण्याची परवानगी मागितली.

प्रथम इतिहासाकडे पाहू. आपल्या शेजारच्या कर्नाटकात बिदर येथे महमूद गवान यांचा मदरसा आहे. गवान हे मूळचे इराणातील गिलानचे. बहामनी राज्याचे ते वजीर झाले आणि १४७२ च्या सुमारास त्यांनी ही तीन मजली विद्यालयाची इमारत उभी केली. तिच्यात व्याख्यानाच्या खोल्या होत्या, ग्रंथालय होते, विद्यार्थ्यांच्या राहण्याची सोय होती. तिच्या दर्शनी भागावर निळ्या, पांढऱ्या, पिवळ्या चकचकीत फरशांची नक्षी आणि सुंदर हस्ताक्षराचे पट्टे बसवले होते. १४८१ मध्ये खोट्या आरोपावरून गवान यांना ठार करण्यात आले. पुढे सतराव्या शतकाच्या अखेरीस बारुदाच्या स्फोटाने इमारतीचा मोठा भाग कोसळला. तरीही उरलेल्या मिनारावर आणि भिंतीवर त्या फरशा आजही दिसतात. राज्य गेले, वजीर गेला, पण "ही विद्येची जागा आहे" असे सांगणारी भिंत पाचशे वर्षांनंतरही उभी आहे.

अलीकडची उदाहरणेही आहेत. फ्रान्समध्ये १९५१ साली शिक्षणसंस्थांच्या इमारतींच्या बांधकाम खर्चातील एक टक्का कलाकृतीसाठी ठेवण्याचा नियम झाला. आपल्या मुंबईत डॉ. होमी भाभा यांनी टाटा मूलभूत संशोधन संस्थेसाठी हेच धोरण स्वीकारले. तेथील दालनात आपल्या पंढरपुरात जन्मलेल्या मकबूल फिदा हुसेन यांचे भव्य भित्तिचित्र आहे. अणूचा अभ्यास करणाऱ्यांना कला अनावश्यक वाटली नाही. आम्हीही शंभर रुपयांतला एकच रुपया मागतो आहोत. प्रयोगशाळेच्या निधीला हात लावू नये, अशी आमचीच अट आहे.

आता स्वतःच्या चुकीविषयी बोलतो. काही वर्षांपूर्वी जुन्या इमारतीच्या भिंतीवर आपण बाहेरच्या एका रंगाऱ्याकडून चित्र काढून घेतले. मुलांना कोणी काही विचारले नाही. सुटी संपवून ती आली तेव्हा चित्र तयार होते. दोन पावसाळ्यांत ओल आली, रंगाचे पोपडे सुटले आणि मुलांनी उरलेल्या भागावर खिळ्याने आपली नावे कोरली. तेव्हा आम्ही मुलांना रागावलो. आज वाटते, त्या भिंतीवर मुलांचे काहीच नव्हते, म्हणून त्यांनी आपले नाव तेथे घातले.

गेल्या वर्षी पाण्याच्या टाकीजवळ सहा फूट बाय चार फुटांच्या तुकड्यावर आम्ही वेगळा प्रयोग केला. गच्चीवर गवंडी चायना मोझॅक बसवतात, तेच काम भिंतीवर करायचे ठरले. दुकानदारांनी फुटक्या फरशा दिल्या. चंदीगडला नेकचंद यांनी अशाच टाकाऊ तुकड्यांतून रॉक गार्डन उभारले, हे मुलांना सांगितले. सजीवांची चित्रे नकोत, हे अनेक पालकांचे मत आम्ही मानले. पवित्र आयती पावसाच्या आणि हातांच्या वाटेत येऊ नयेत, हेही ठरवले. राहिली ती भूमिती, आणि ती आपल्याला कमी पडणारी नाही.

वर्तुळाची त्रिज्या परिघावर सहा वेळा बरोबर बसते, हे पुस्तकात मुलांनी पाठ केले होते. खडू आणि दोरी घेऊन अंगणात ते करून पाहिले तेव्हा चेहरे बदलले. नववीतील एका मुलीने पंचकोनांनी भिंत भरण्याचा हट्ट धरला. तीन पंचकोन एका बिंदूत मिळाले की फट राहते. का राहते? तिने स्वतः हिशेब केला: एकशे आठ त्रिक तीनशे चोवीस, छत्तीस अंश उरले. ती फट तिने लहान तुकड्याने भरली, आणि आज नक्षीत सर्वांत आधी नजर तिथेच जाते. त्या भिंतीवर अद्याप एकही नाव कोरलेले नाही.

परंतु मागच्या सभेत एका पालकांनी जो प्रश्न विचारला, तो माझ्या मनातून गेलेला नाही. ते वीस वर्षे आखाती देशात फरशी बसवण्याचे काम करीत होते. ते म्हणाले, "मास्तर, उन्हात गुडघे घासून मी मुलाच्या फीचे पैसे आणले. तो पण लाद्याच बसवणार असेल, तर शाळेत कशाला पाठवू?" त्या दिवशी मला उत्तर देता आले नाही.

आज प्रयत्न करतो. चाचा, मुले जर दुसऱ्याने काढलेल्या नक्षीवर नुसते तुकडे चिकटवणार असतील, तर तुमचे म्हणणे शंभर टक्के खरे आहे. फुकटचे मजूर म्हणून त्यांना राबवण्याचा अधिकार आम्हाला नाही. आमची कल्पना अशी आहे की, नक्षी मुलांनी शोधावी, मोजावी, कागदावर पूर्ण आकारात कापावी, आपसांत वाद घालून निवडावी. कलावंताने ती सुधारावी आणि भिंतीवर उतरवावी. म्हणजे मुलगा हातांआधी डोके वापरील. आणि तुम्ही ज्या हातांनी त्याला वाढवले, त्या हातांत किती गणित आहे, हेही त्याला कळेल. ही गोष्ट त्याला ठाऊक नसावी, हे मला शिक्षक म्हणून खटकते.

संस्थेला आमच्या सूचना थोडक्यात अशा. मुख्याध्यापक, चित्रकला आणि गणिताचे शिक्षक, दोन पालक आणि दोन विद्यार्थी यांची समिती नेमावी. विद्यार्थ्यांपैकी एक मुलगी असावी. कलावंताशी लेखी करार करावा. त्याचा मोबदला ठरवून हप्त्यांनी द्यावा, कारण कला म्हणजे खैरात नव्हे. कागदावरील आराखडा सर्वांनी पाहून मंजूर केल्याशिवाय भिंतीला हात लावू नये. फरशा फोडण्याचे काम मोठ्यांनी हातमोजे आणि चष्मा घालून करावे. परांचीवर एकही विद्यार्थी चढू नये. भिंतीची ओल आधी थांबवावी. दरवर्षी पावसाळ्यानंतर सुटलेले तुकडे बसवण्यासाठी थोडी रक्कम बाजूला ठेवावी. आणि तासिकांचे नुकसान होऊ नये म्हणून दहावीच्या वर्गाला यातून वगळावे.

समितीतील दोन पालकांपैकी एक जागा मी त्या चाचांसाठी मागतो. तुकडा भिंतीवर कसा टिकतो, हे आमच्यापैकी कोणालाच त्यांच्याइतके माहीत नाही. त्यांनी अजून होकार दिलेला नाही. मागच्या रविवारी मात्र ते टाकीजवळ आले होते. बराच वेळ नक्षी पाहिली, बोटाने एक तुकडा ठोकून पाहिला आणि म्हणाले, "हा पोकळ वाजतो. सिमेंट कमी पडले आहे." त्यांचा मुलगा शेजारी उभा होता. त्याने वही काढून ते लिहून घेतले.

पालकहो, निर्णय आपण आणि संस्थेने घ्यायचा आहे. शाळेची भिंत कोणाची, या प्रश्नाचे उत्तर तिच्यासमोरून रोज सकाळी आत जाणाऱ्या मुलांना देता यावे, एवढीच माझी विनंती आहे.

खुदा हाफिज.