फ्ल्यूची निरनिराळी रूपे आणि रुग्णालयातील रोगी

फ्ल्यू म्हणजे चार दिवसांचा ताप, अंग मोडून येणे आणि आठवडाभराचा खोकला, अशी सर्वसाधारण समजूत आहे. धडधाकट माणसाच्या बाबतीत ती बहुधा खरीही ठरते. परंतु रुग्णालयाच्या खाटेवर पडलेल्या रोग्याकडे पाहिले म्हणजे या समजुतीचा अपुरेपणा ध्यानात येतो. फ्ल्यू हे नाव एक असले, तरी त्याची रूपे अनेक आहेत, आणि प्रत्येक रूप निरनिराळ्या रोग्यांना गाठते.

माणसांत साथी पसरविणारे फ्ल्यूचे विषाणू मुख्यतः दोन जातींचे, ए आणि बी. ए जातीच्या पोटजाती विषाणूच्या पृष्ठभागावरील दोन प्रथिनांवरून ओळखतात. एच १ एन १, एच ३ एन २ ही नावे त्यावरूनच पडली. ही प्रथिने सतत थोडीथोडी बदलत असतात. म्हणून एकदा फ्ल्यू होऊन गेलेल्या माणसास तो पुन्हा होऊ शकतो.

१९१८ साली मुंबई बंदरातून पसरलेली आणि महाराष्ट्रात ‘मानमोडी’ म्हणून भय उत्पन्न करणारी साथ एच १ एन १ या रूपाची होती. हिंदुस्थानात तिने एक कोटीहून अधिक बळी घेतले असे मानतात. एरवी फ्ल्यू लहान मुले आणि वृद्ध यांना अधिक घातक. या साथीने मात्र वीस ते चाळीस वर्षांची कर्ती माणसे उचलली. विषाणूने फुफ्फुसे दुबळी केली, की मागाहून जिवाणू शिरत आणि न्यूमोनिया होई. पेनिसिलिनचा शोध लागण्यास तेव्हा दहा वर्षांचा अवकाश होता. रुग्णालयांपाशी शुश्रूषेवाचून दुसरे साधन नव्हते.

पुढे १९५७ साली एच २ एन २ आणि १९६८ साली एच ३ एन २ या रूपांच्या साथी जगभर पसरल्या. २००९ साली एच १ एन १ नव्या स्वरूपात अवतरला. भारतात या साथीचा पहिला मृत्यू त्याच वर्षीच्या ऑगस्ट महिन्यात पुण्यात झाला. या वेळीही अतिदक्षता विभागात तरुण, गर्भवती स्त्रिया आणि अतिस्थूल माणसे मोठ्या संख्येने दिसली; साठीपुढील पुष्कळ लोक वाचले. याचे कारण उद्बोधक आहे. १९१८ च्या विषाणूचे वंशज १९५७ पर्यंत समाजात वावरत होते. ज्यांनी बालपणी त्यांचा प्रसाद चाखला होता, त्यांच्या रक्तात काही प्रतिकारशक्ती शिल्लक होती.

एच ३ एन २ चा मोहरा याच्या उलट, वृद्धांकडे. तो ज्या वर्षी प्रबळ असतो, त्या वर्षी रुग्णालयांत वृद्धांची गर्दी वाढते. अशा रोग्यास कधी ताप फारसा नसतो; केवळ गळून जाणे, अन्नावरची वासना उडणे किंवा भ्रम होणे एवढेच दिसते. दमा, मधुमेह, मूत्रपिंडाचे विकार बळावतात. पहिल्या आठवड्यात हृदयविकाराचा झटका येण्याचा धोकाही वाढतो. मग मृत्यूच्या दाखल्यावर हृदयविकार लिहिला जातो आणि फ्ल्यूचे नाव मागेच राहते.

बी जातीचा फ्ल्यू मुलांत अधिक. काही मुलांच्या पोटऱ्या इतक्या दुखतात की चालवत नाही. ही जात सौम्य समजली जाते. पण रुग्णालयात दाखल करण्याची पाळी आली, म्हणजे तीही ए जातीइतकीच गंभीर ठरू शकते.

उपचारांत वेळेला महत्त्व आहे. ओसेल्टामिविर हे औषध लक्षणे दिसल्यापासून दोन दिवसांच्या आत सुरू झाल्यास अधिक गुणकारी ठरते. प्रतिजैविके विषाणूवर चालत नाहीत. मागाहून जिवाणूंचा न्यूमोनिया झाला तरच त्यांचा उपयोग. विषाणू बदलतो म्हणून लसही दर वर्षी नव्याने घ्यावी लागते. वृद्ध, गर्भवती, जुने विकार असलेले लोक, तसेच डॉक्टर आणि परिचारिका यांनी ती अवश्य घ्यावी.

आणखी एक गोष्ट. आजाऱ्याच्या भेटीस जाणे हे सर्वच धर्मांनी पुण्यकर्म मानले आहे. परंतु फ्ल्यूचा रोगी लक्षणे दिसण्याच्या एक दिवस आधीपासूनच रोग पसरवू शकतो. भेटीस येणाऱ्याचे साधे पडसे शेजारच्या खाटेवरील शस्त्रक्रिया झालेल्या वृद्धाच्या जिवावर बेतू शकते. तेव्हा रुग्णालयात शिरताना हात धुवावेत, साथीच्या दिवसांत तोंडनाक झाकावे. आणि घसा खवखवत असेल, तर घरीच राहून निरोप पाठवावा. अशा वेळी न जाणे हीच रोग्याची खरी सेवा होय.