कारखाना बंद झाल्यानंतर
(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेतील भाषण)



या व्याख्यानमालेत संतवाङ्मयावर आणि शहाजीराजांच्या बंगळूरवर विद्वत्तापूर्ण भाषणे झाली. त्यांच्या पाठोपाठ जुन्या मोटारसायकलींवर बोलण्याचे धाडस आम्ही करीत आहोत. कार्यकारिणीने हा विषय मान्य केला याचे एक कारण असे असावे की, तीमधील निम्म्या सभासदांनी तारुण्यात आमच्या मागच्या सीटवर बसून गणेशोत्सवाची वर्गणी गोळा केलेली आहे.

'आम्ही' म्हणजे मंडळातील चार कुटुंबे. नोकरीच्या निमित्ताने 1970 नंतरच्या चार-पाच वर्षांत आम्ही बंगळूरला आलो. पुण्याकडील आमचे बंधू त्या काळी बजाजच्या स्कूटरसाठी नाव नोंदवून वर्षानुवर्षे वाट पाहत होते. आम्ही मात्र येथे म्हैसूरची गाडी घेतली. कोणी जावा, तर कोणी येझदी. आमच्यापैकी एकाच्या सासरेबुवांनी गाडी पाहताच विचारले, "जावईबापू, हिचे सुटे भाग मिळतात ना?" तेव्हा उत्तर सोपे होते. कारखाना दीडशे किलोमीटरांच्या आत होता. हाच प्रश्न पुढे आमच्या आयुष्याला चिकटून बसेल, अशी कल्पना त्या वेळी नव्हती.

जावा मूळची चेकोस्लोव्हाकियातील. 1929 साली यानेचेक या कारखानदाराने वाँडरर या जर्मन कंपनीचे मोटारसायकल बनविण्याचे हक्क घेतले आणि दोन्ही नावांची पहिली अक्षरे जोडून 'जावा' हे नाव सिद्ध केले. म्हैसूरला रुस्तुम आणि फारोख इराणी यांनी आयडियल जावा हा कारखाना काढला. त्याचे उद्घाटन जयचामराजेंद्र वाडियार यांच्या हस्ते झाले आणि 1961 पासून गाड्या बाहेर पडू लागल्या. परवान्याचा करार संपल्यावर 1973 पासून त्याच कारखान्याच्या गाड्यांवर 'येझदी' हे नाव आले. आपल्या बंगळूरच्या ज्या जे. सी. रोडवर आम्ही पुढे सुट्या भागांसाठी वणवण केली, तो रस्ताही त्याच जयचामराजेंद्रांच्या नावाचा आहे.

या गाडीचे काही स्वभावविशेष सांगितले पाहिजेत. इंजिन 250 सी.सी.चे, एका सिलिंडरचे आणि टू-स्ट्रोक. सायलेन्सर मात्र दोन. गिअरचा दांडा आत दाबून वर फिरवला की तोच किक होई. गिअर बदलताना त्याच दांड्याने क्लचही सुटे. जावाची किल्ली म्हणजे खिळ्यासारखी एक साधी दांडी. ती हेडलाइटच्या घरात खोचली की झाले. एकाची किल्ली दुसऱ्याच्या गाडीला सहज लागे. एका कोजागिरीला कार्यक्रम संपल्यावर आमच्यापैकी दोघे एकमेकांच्या गाड्या घेऊन घरी गेले आणि सकाळी पेट्रोलची पातळी पाहून एकालाच शंका आली. ज्याच्या टाकीत अधिक पेट्रोल आले होते, त्याने चौकशी केली नाही.

टू-स्ट्रोक इंजिनाची आणखी एक खोड आहे. स्पार्कचे टायमिंग बिघडलेले असेल आणि किक अर्धवट बसली, तर इंजिन उलटे फिरू लागते. आवाज तोच, धूर तोच. मल्लेश्वरमच्या चढावर आमच्यापैकी एकाने पहिला गिअर टाकला आणि गाडी सपत्नीक मागे निघाली. मागच्या रिक्षावाल्याने कन्नडमध्ये जे सुनावले, त्याचा अर्थ तेव्हा कन्नड न येणाऱ्या वहिनींनाही समजला.

1985 च्या सुमारास जपानी सहकार्याने बनलेल्या 100 सी.सी.च्या हलक्या गाड्या आल्या. त्या पेट्रोल कमी पीत. पुढे प्रदूषणाचे नियमही कडक झाले. 1996 साली म्हैसूरचा कारखाना बंद पडला. कित्येक कामगारांची भाकरी गेली, त्यापुढे आमची अडचण क्षुल्लक होती. तरी अडचण होतीच.

त्या वेळी आमच्या हातून एक चूक घडली, ती येथे कबूल करतो. 1998 साली चौघांपैकी एकाची गाडी आम्ही भंगारात वजनावर विकली. क्रँक खराब होता आणि घरात जागा नव्हती. टाकी, सायलेन्सर, चेनवरचे पत्र्याचे आवरण, डायनॅमो, सारे त्या काट्यावर चढले. पुढच्या दहा वर्षांत उरलेल्या तीन गाड्यांसाठी आम्ही जे जे शोधत हिंडलो, त्यांतील बहुतेक सर्व त्या एका गाडीत होते.

उरलेल्या तीन गाड्या जगल्या त्या शिवाजीनगरातील एका उस्तादांमुळे. त्यांचे दुकान दोन खाटांएवढे. दख्खनी बोलत, आणि गाडी गल्लीत वळताच आवाजावरून दुखणे सांगत. एकदा एका गाडीतून पांढऱ्या धुराचे लोट निघू लागले. दुसऱ्या एका वर्कशॉपने पिस्टन आणि रिंगा बदलून भरपूर पैसे घेतले, धूर तसाच राहिला. उस्तादांनी इंजिनाला हातही लावला नाही. प्रथम गिअरबॉक्समधील तेल मोजले. ते निम्म्यावर आले होते. क्रँकच्या क्लचकडील बाजूचे रबरी सील कडक होऊन फाटले होते आणि इंजिन गिअरबॉक्सचे तेल ओढून जाळीत होते. अल्प किमतीच्या एका सीलने काम झाले.

उस्तादांची दृष्टी अधू होऊ लागली तेव्हा आम्ही जागे झालो. हे सारे ज्ञान कोठेही लिहिलेले नव्हते. मग आठ रविवार आम्ही त्यांच्या दुकानात स्टुलांवर बसून ते सांगतील ते उतरवून घेतले. ते दख्खनीत सांगत, आम्ही मराठीत लिहीत असू. पॉइंटमध्ये किती फट ठेवावी, सायलेन्सरमधील कार्बन केव्हा आणि कसा काढावा, कोणत्या गाडीचे कोणते बेअरिंग येथे चालते, कोणते 'चालते' म्हणून विकतात पण चालत नाही. पेट्रोलच्या साधारण 25 भागांना एक भाग तेल, हे पुस्तकात होते. पण बाटली हलविल्याशिवाय टाकीत ओतू नये, हे उस्तादांनी सांगितले. नवव्या रविवारी दुकान बंद होते. पुढच्या महिन्यात ते गेले.

आजच्या अडचणी वेगळ्या आहेत. पेट्रोलमध्ये आता 20 टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते. ते पाणी शोषते आणि जुन्या रबराला मानवत नाही. म्हणून गाडी आठवडाभर उभी राहणार असेल तर कार्ब्युरेटर रिकामा करून ठेवावा लागतो. आमच्या दोन गाड्यांनी पन्नाशी ओलांडली आहे. 2021 च्या केंद्रीय नियमांप्रमाणे अशा गाड्यांची 'व्हिंटेज' म्हणून नोंदणी करता येते. परंतु मग ती प्रदर्शनाला, रॅलीला नेता येते, रोजच्या कामाला नाही. आम्ही ती नोंदणी केलेली नाही. भाजी आणायला जी निघत नाही, ती गाडी आमची राहिली असे आम्हांला वाटत नाही. 2018 पासून जावा आणि 2022 पासून येझदी ही नावे नव्या गाड्यांवर पुन्हा दिसू लागली. त्या चार-स्ट्रोक आहेत आणि चांगल्या आहेत. मात्र त्यांचे भाग आमच्या गाड्यांना चालत नाहीत.

आमच्या मुलांपैकी दोघे परदेशी आहेत. येथे असलेल्या एकीने, आमच्या थोरल्या मुलीने, ती वही मागून घेतली. दख्खनी शब्द तिला कळतात, मराठी अक्षर लावताना अडखळते. पॉइंटच्या पानावर ती दोन रविवार बसली आणि तिसऱ्या रविवारी तिने स्वतः टायमिंग लावले. किक बसली. गाडी पुढे गेली.

जुलैच्या दुसऱ्या रविवारी बंगळूरचे जावा-येझदीवाले एकत्र जमतात. गेल्या खेपेस आमच्यापैकी कोणी न जाता ती एकटी गेली. तेथे एका कन्नड तरुणाने त्या वहीची प्रत मागितली. तिचे कन्नड भाषांतर आता सुरू आहे, आणि मूळ वही आम्ही आज मंडळाच्या ग्रंथालयाला देत आहोत.

शेवटी एक विनंती. आपल्यापैकी कोणाच्या माळ्यावर, जिन्याखाली किंवा गावच्या पडवीत अशी एखादी गाडी, निदान तिची टाकी वा चाक पडून असेल, तर भंगारवाल्याला हाक मारण्यापूर्वी आम्हांला फोन करावा. आम्ही वजनापेक्षा चार पैसे अधिक देऊ, आणि चहाही पिऊन जाऊ.