वांगाचे डाग फिके झाले, पुढे काय?

मागे हप्ता भरायला आलेल्या आमच्या गटातल्या एक वहिनी तोंडावरचा पदर काढेनात. गालांवर वांग, धाकट्याच्या वेळेपासूनचे. कुणी सांगितलेली ट्यूब त्यांनी आठ महिने लावली. आधी चेहरा उजळला, मग लाल झाला, पुटकुळ्या आल्या, उन्हात नुसती आग. ट्यूब सोडली तर आणखीच पेटला. तिच्यात स्टेरॉइड होतं. 2018 पासून अशी मलमं चिठ्ठीशिवाय विकायला मनाई आहे. मिळतात मात्र सर्रास.

आम्ही त्यांना घेऊन त्वचेच्या डॉक्टरांकडे गेलो. तिथं कळलं, डाग फिके करायचं औषध वेगळं, आणि ते परत येऊ नयेत म्हणून वर्षानुवर्षं करायचं वेगळं. हायड्रोक्विनोनचं मलम डॉक्टर सांगतील तेवढे आठवडेच. पुढे अ‍ॅझेलिक अ‍ॅसिडसारखं सौम्य मलम देतात. सनस्क्रीन मात्र कायमचं. आयर्न ऑक्साइड असलेलं, त्वचेच्या रंगाचं मिळालं तर उत्तम. दोन बोटं भरून, खुरपायला निघण्याआधी; घाम पुसला की पुन्हा.

परवडतं का? निम्म्या जणींना नाही. मग निदान पदर पुढे ओढा, रुंद काठाची टोपी घाला. हसतील तर हसू देत. दिवस गेले असतील तर कुठलंही मलम लावण्याआधी डॉक्टरांना सांगा. पाळणा लांबवायच्या गोळ्यांनीही वांग वाढतात, पण गोळ्या मनानं बंद करू नका, आशाताईंशी बोला.

परवाच्या बैठकीला वहिनींचा पदर खांद्यावर होता. डाग आहेत अजून, फिकट.