वंशावळीचे साक्षी

कॅनडाच्या पूर्व किनाऱ्यावरील अकेडिया या फ्रेंच वसाहतीची १६७१ साली शिरगणती झाली. रोबिशो घराण्याचा मूळ पुरुष एतिएन घराबाहेर निघून गेला. गुरांचा व जमिनीचा हिशेब मिळणार नाही, असा निरोप त्याने पत्नीकरवी दिला. १७५५ मध्ये इंग्रजांनी अकेडियनांस हद्दपार केले. धर्मपीठांच्या कित्येक नोंदवह्या नाहीशा झाल्या. १७६७ साली फ्रान्समधील बेल-ईल बेटावर वसलेल्या निर्वासितांनी आपल्या वंशावळी शपथेवर, बहुतांशी स्मरणानेच सांगितल्या. त्या जुन्या शिरगणतीशी सर्वत्र जुळत नाहीत. मग प्रमाण कोणते? घटनेच्या निकटची नोंद अधिक ग्राह्य, हे खरे. परंतु ती मूक असेल तेथे स्मरणाची साक्ष त्याज्य मानू नये. घरदार गमावलेल्यांपाशी तेवढेच दप्तर उरले होते.